तिकांडं डोक्यावर आलं की

माझ्या माहेरी पुढं चांगलं ऐसपैस अंगण आहे, पण आभाळ बघायचं ते परड्यातून. अंगणात आता खांबावरचा पांढरा दिवा थेट उंबऱ्यापर्यंत येतो. परड्यात मात्र गोठ्याची मागची भिंत, शेणखताचा ढीग आणि एक म्हातारी चिंच, एवढीच मंडळी. गोठ्याच्या भिंतीमुळं रस्त्याचा उजेड अडतो. चिंचेमुळं ध्रुवही अडतो, ती गोष्ट वेगळी. सांगली जिल्हा पडतो साधारण 17 अक्षांशावर, म्हणजे आमचा ध्रुवही क्षितिजापासून 17 अंशच वर. हात लांब करून मूठ धरली तर दहा अंश झाकले जातात. अशा पावणेदोन मुठी. तेवढ्या उंचीवर आमच्या चिंचेच्या नुसत्या फांद्या आहेत. अढळपद मिळालेला तो बाळ मी नीट पाहिला तो बीएस्सीला असताना, मिरजेत मैत्रिणीच्या गच्चीवरून.

माझ्या वडिलांना, आण्णांना, ध्रुवाचं काही काम नव्हतं. त्यांना हलणारे तारे लागायचे.

शेतीपंपाची लाईट तेव्हा आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री अशी यायची. रातपाळी लागली की आण्णा जेवून, कानाला मफलर गुंडाळून, खांद्यावर खोरं आणि हातात बॅटरी घेऊन मळ्यात निघायचे. उसाला पाणी पाजायचं म्हणजे मोटर सुरू करून झोपायचं असं नसतं. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की दारं मोडायचं. एका सरीचं तोंड चिखलानं बुजवायचं, पुढच्या सरीचं खोऱ्यानं फोडायचं. डिसेंबरात ते पाणी पायाला असं लागतं की पाऊल आपलं आहे का दुसऱ्याचं, कळत नाही. उसात सापाचं भय, मधेच फ्यूज गेला तर अंधारात विहिरीपर्यंत चालत जायचं. या सगळ्याला आमच्याकडं ‘दारं धरायला जातो’ एवढंच म्हणतात, भाजी आणायला जातो म्हणावं तसं.

घरात एचएमटीचं घड्याळ होतं, पण ते लग्नाकार्याला. चिखलात कोण घालणार? वेळ वर बघायची. मृग नक्षत्राच्या मधोमध तीन तारे एका ओळीत आहेत, पुस्तकात ज्याला हरणाच्या पोटात घुसलेला बाण म्हणतात, ते आमचं तिकांडं. ते गोठ्यावर आलं की इतके वाजले, चिंचेच्या शेंड्याला लागलं की तितके, आणि डोक्यावर आलं की निम्मी पाळी सरली. हे तर बऱ्याच जणांना यायचं. आण्णांचं वेगळं असं की त्यांच्याजवळ त्याचा हिशोब होता. तिकांडं रोज थोडं लवकर येतं आणि एका अमुशापासून दुसऱ्या अमुशापर्यंत बरोब्बर दोन तास अलीकडं सरकतं. कार्तिकाच्या अमुशाला साडेबारा-पाऊणच्या सुमाराला डोक्यावर असलं, तर मार्गशीर्षाच्या अमुशाला साडेदहा-पावणेअकराला. मळ्यातल्या गड्यालासुद्धा ते असंच सांगायचे, "तिकांडं कलंडलं की मला उठीव."

त्यामागचं कारण मला कॉलेजात कळलं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते 23 तास 56 मिनिटांत. घड्याळाचे 24 तास सूर्याच्या मानानं धरलेले. म्हणून कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी त्या जागी येतो, आणि चार गुणिले तीस म्हणजे दोन तास. मी मोठ्या उत्साहानं सुट्टीत घरी येऊन हे आण्णांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच तर मी सांगतोय की."

उन्हाळ्यातलं आभाळ निराळं, आणि ते आजीचं. मे महिन्यात सगळं घर परड्यात झोपायला यायचं. आधी पाणी मारून जमीन निववायची, मग वाकळा. आजीच्या लेखी सप्तर्षी बिप्तर्षी कोणी नव्हतं. चार तारे म्हणजे म्हातारीचं बाजलं आणि मागचे तीन म्हणजे ते चोरायला आलेले चोर. म्हातारी जागी, म्हणून चोरांना बाजलं उचलता येत नाही. चोर जात नाहीत, म्हणून म्हातारीला झोप नाही. मधल्या चोराला चिकटून एक बारीक चांदणी आहे. पुढं कळलं की तो चोर म्हणजे वसिष्ठ ऋषी आणि ती चांदणी म्हणजे लग्नात नवरा-नवरीला दाखवतात ती अरुंधती. आजीला सांगितलं तर तिनं ते धुडकावून लावलं. "चोराची बायको हाय ती," म्हणाली, "एकट्याला कशी सोडंल?"

मेच्या मध्यावर रात्री साडेनवाला उत्तरेकडं तोंड केलं की बाजलं उंचावर आणि कूस बदलून दक्षिणेकडं बघितलं की उसाच्या शेंड्यांना टेकलेला त्रिशंकू. क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंश वर. दिल्लीत तो क्षितिजाच्या वर येतो न येतो. आपल्याकडं ध्रुवही दिसतो, त्रिशंकूही दिसतो, आणि याचं कुणाला काही वाटत नाही.

धाकट्यांना भुतांच्या गोष्टी लागायच्या, तेव्हा आजी स्कायलॅबची काढायची. 1979 च्या जुलैत अमेरिकेची ती अवकाशातली प्रयोगशाळा खाली येणार, कुठं पडेल नेम नाही, अशी बातमी रेडिओवर. सगळ्या गावानं ठरवून टाकलं की ती आपल्यावरच पडणार. आजोबांनी जत्रेसाठी राखलेला कोंबडा त्याच आठवड्यात कापला, न खाता मरायला नको म्हणून. 11 जुलैला ती पडली हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या एका कोपऱ्यात. जत्रेला कोंबडा विकत आणावा लागला, आणि त्याचा राग आजीनं मरेपर्यंत अमेरिकेवर धरला.

असो. मला सांगायचंय ते 2023 च्या डिसेंबरातलं.

त्या महिन्याच्या 14 तारखेच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात येणार होता आणि अमावास्या नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे चंद्राचा अडथळा नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात फळ्यावर उल्का काढून काढून कंटाळा आला होता. लेकीच्या शुक्रवारच्या शाळेला दांडी मारायची ठरवली आणि गुरुवारी संध्याकाळी सांगलीहून आम्ही मायलेकी गावी पोचलो. गळीत हंगाम सुरू झालेला. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर छाती दणाणून सोडणारा डेक.

घरात शिरलो तर आईनं घट मांडलेला. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. तांब्यात पाच पानं, वर नारळ, त्याला हळदीकुंकवाची बोटं, गळ्यात वैनीचं मंगळसूत्र. आईची कहाणी वाचून झाली होती आणि ती नैवेद्याला बासुंदी घोटत होती. आम्ही उल्का बघायला आलोय म्हटल्यावर तिनं एकच विचारलं, "तारं तुटत्यात ते? आन् बघायला आलाय?" तिच्या लहानपणी तारा तुटला की नजर फिरवायची आणि रामराम म्हणायचं, अशी रीत.

अकराला जेवणं-खाणं आवरून आम्ही परड्यात आलो. शेजारी नवा बंगला झालाय, त्याच्या टेरेसवरचा फोकस आमच्या चिंचेच्या निम्म्या झाडावर. दादा जाऊन सांगून आला. त्यांनी लगेच बंद केला, वर त्यांची दोन पोरंही उड्या मारत आली. शेकोटी पेटवायची नाही, असं मी बजावलं होतं, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि ती एका काडीच्या उजेडानं जाते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरानं बसवला होता. आण्णांना ते भारी आवडलं. "हे आदी का न्हाई सांगितलंस?" म्हणाले. चाळीस वर्षं दारं धरताना बॅटरी लावली की पुढची पाच मिनिटं ते आंधळे व्हायचे.

आण्णांचे गुडघे आता गेलेत. मळ्यात ठिबक आहे, मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलाय. रात्री लाईट आली की दादा अंथरुणातूनच फोन लावतो, पलीकडून बाईचा आवाज ‘मोटर चालू झाली आहे’ म्हणतो, आणि दादा कूस बदलतो. तिकांड्याचं कुणालाच काही पडलेलं नाही. तरी आण्णा अजून रात्री एकदा उठून परड्यात येतात. आई म्हणते लघवीला. असेल.

घोंगडं अंथरलं, त्यावर वाकळ. घोंगड्याचा तो लोकरीचा, ओल्या मेंढरासारखा वास इतक्या वर्षांनीही गेलेला नाही. पश्चिमेकडं कलायला लागलेला गुरू ठसठशीत दिसत होता. गुरुवार आणि गुरू, हा योग आईला पटला, तिनं हात जोडले. पूर्वेकडून आभाळाच्या मध्याकडं सरकत मृग, त्याच्या मागं व्याध निळापांढरा लुकलुकत, आणि डावीकडं वर पुनर्वसूची जोडी. या जोडीच्या जवळून निघाल्यासारख्या दिसतात म्हणून या मिथुनेतल्या उल्का. बाकीचे बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागं सोडलेल्या धुळीचे असतात. याची धूळ मात्र फेथॉन नावाच्या एका लघुग्रहाची, जो 1983 साली एका उपग्रहानं शोधला. वाळूच्या खड्याएवढा कण सेकंदाला 35 किलोमीटर वेगानं हवेत शिरतो आणि जळतो. हे सगळं मी पोरांना सांगत होते, तेवढ्यात गोठ्याच्या वरून एक हिरवट रेघ सळ्ळकन चिंचेत गेली आणि माझं व्याख्यान तिथंच संपलं. नंतर कुणी ऐकलं नाही.

मोजायचं कसं, हा प्रश्न आला. बोटं पुरणार नव्हती आणि आकडा लक्षात ठेवायचा तर भांडणं होणार. आण्णांनी चिंचेखाली चाचपून मूठभर चिंचोके गोळा केले. एक तारा तुटला की एक चिंचोका पितळी वाटीत. टण् असा आवाज व्हायचा. पुढं पुढं आभाळाऐवजी मी वाटीचा आवाज ऐकत पडून राहिले. कधी पाच-पाच मिनिटं शांतता, कधी लागोपाठ टण् टण्. आईसुद्धा प्रत्येक आवाजाला "रामराम" म्हणत होती, पण नजर काही फिरवत नव्हती.

साडेबाराच्या पुढं तिकांडं अगदी माथ्यावर आलं. आण्णांनी मान वर न करता सांगितलं, "आलं बघ." पोरीला खरं वाटेना. तिनं फोन काढला, लाल पडदा केला आणि तारे दाखवणारं ते ॲप वर धरलं. खरंच आलं होतं. मग तिला चाळा लागला. तिनं फोन जमिनीकडं धरला, तर त्यात पायाखालचा सूर्य दिसला, पृथ्वीच्या पलीकडं, ज्येष्ठा नक्षत्राच्या अंगाला. आण्णा डोळे किलकिले करून बघत होते. तिनं तारीख पुढं सरकवायला सुरुवात केली. जानेवारी, फेब्रुवारी, सूर्य एकेक घर पुढं जातोय. एप्रिल, मे. जूनच्या 8 तारखेला तिनं बोट उचललं आणि सूर्य जाऊन बसला तो थेट मृगाच्या डोक्याशी.

"आण्णा, हे बघा मिरग लागला!" ती ओरडली.

आता आमच्या घरात मिरग म्हणजे काय, हे सांगायला हवं. मिरग म्हणजे तारे नव्हेत. मिरग म्हणजे जूनचा दुसरा आठवडा, कालनिर्णयावर लिहिलेलं वाहन. यंदा वाहन बेडूक आहे का म्हैस का गाढव, त्यावर पाऊस किती ते ठरायचं. मिरग म्हणजे बांधावर अचानक निघणारे मखमली लाल किडे, जे तळहातावर घेतले की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करतात. मिरग म्हणजे बियाण्याची उधारी. पुढं आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. ‘पडतील मघा, नाहीतर वरती बघा’. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’. ही नक्षत्रं आण्णांना सावकारांसारखी एकेक करून ओळखीची. आणि हिवाळ्यात डोक्यावरून जाणारं तिकांडं, ते त्यांचं घड्याळ. ही दोन्ही एकच आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी विज्ञानाची बाई, पण मलाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना माहीत असणारच.

त्यांनी फोन हातात घेतला, हात लांब केला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे मिरगात मिरग दिसतच न्हाई?"

"नाही. सूर्याच्या उजेडात तो असतो."

"आन् आपण त्याचीच वाट बघतोय."

वाटीत टण् झालं. कुणीतरी तारा बघितला होता. आण्णांनी बघितला नाही. ते अजून फोनमध्येच होते. आणि मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मला घाम फुटला. "जे दिसतच न्हाई, तितं सूर्य गेलाय हे पंचांग करणाऱ्याला कळलं कसं? त्याच्याकडं कुटं असला फोन?"

मी सांगायला लागले की सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कुठला तारा उरतो, उगवायच्या आधी पूर्वेला कुठला दिसतो, त्या दोघांच्या मधे... आण्णांचा चेहरा पडला नाही, पण उजळलाही नाही. विद्यार्थ्यांचा असा चेहरा मला ओळखता येतो. मग एकदम घट आठवला.

"आई, आज महिना कुठला?"

"मार्गशीर्ष. आत्ताच घट पुजला की गं."

"नाव कशावरून पडलं?"

ते तिला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कधी कारणही पडलं नव्हतं. पुनवेला चंद्र सूर्याच्या बरोब्बर समोर असतो. एक मावळतो तेव्हा दुसरा उगवतो. या महिन्याच्या पुनवेला चंद्र मृगशीर्षाजवळ येतो, म्हणून महिना मार्गशीर्ष. म्हणजे आज सूर्य मृगाच्या समोरच्या टोकाला आहे. सहा महिन्यांनी अर्धी फेरी मारून तो स्वतः मृगात येणार. दिसत नसलेलं नक्षत्र सहा महिने आधी पुनवेच्या चंद्रानं दाखवून ठेवलेलं असतं.

यावर आण्णा काही बोलायच्या आत आईनं मला धारेवर धरलं. दुकानदाराचं बिल तपासावं तसा एकेक महिना. कार्तिक? कृत्तिका. पौष? पुष्य. माघ? मघा. फाल्गुन? फल्गुनी. चैत्र-वैशाख? चित्रा, विशाखा. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, सगळे उतरले. साठीपर्यंत तिनं हे बारा महिने जपले, सणवारांनी सजवले, आणि ते मूळचे आभाळातले पत्ते आहेत हे तिला मध्यरात्री घोंगड्यावर कळत होतं. "आन् औंदा अधिक श्रावण आलता, त्याचं नक्षत्र कुटलं?" तिनं शेवटचा डाव टाकला. मी म्हटलं ते पुढच्या गुरुवारी सांगते. खरं तर थंडीनं माझे दात वाजत होते.

दीड वाजता चिंचोके मोजले. एक्काहत्तर. शेजारच्या पोरांचं म्हणणं, दोन विमानं आणि एक काजवा धरलाय. डिसेंबरात कुठला काजवा? पण वाद मिटवायला एकोणसत्तर धरले. सकाळी आईनं घटाची उत्तरपूजा केली तेव्हा ती वाटी तिथंच शेजारी होती. तिनं ती न हलवता भोवतीनं पाणी फिरवलं.

बारा दिवसांनी दत्तजयंती. 26 डिसेंबर. आम्ही पुन्हा गावी, आणि दरवर्षीसारखे संध्याकाळी औदुंबरला. जन्मकाळ झाला, सुंठवडा मिळाला, गर्दीत वैनीची चप्पल हरवली. कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांशी दिवे सोडलेले, नदीवर धुकं धरायला लागलेलं. आठच्या सुमाराला आम्ही गाडीकडं निघालो, तर आण्णा मागंच राहिलेले. परत जाऊन बघते तर वरच्या पायरीवर काठी टेकून पूर्वेकडं बघत उभे. पुनवेचा चंद्र बराच वर आला होता, आणि त्याच्या उजव्या हाताला, एवढ्या चांदण्यातही न बुजलेलं, तिकांडं.

"तू सांगितलेलं बरूबर हाय," ते म्हणाले. नात शेजारीच होती, पण बोलणं माझ्याशी.

गाडीत बसल्यावर पोरीनं त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. "आण्णा, आज तिकांडं डोक्यावर किती वाजता येणार?" फोन तिच्या हातात तयार होता.

आण्णांनी काचेतून बाहेर बघितलंसुद्धा नाही. "त्या रात्रीला बारा दिस झालं. बारा चोक अठ्ठेचाळीस." ओठांशी थोडं पुटपुटले. "पावणेबारा."

तिनं ॲपमध्ये बघितलं. "अकरा एकोणपन्नास! चार मिनिटं चुकली तुमची."

"फोन एक दिस मागं असंल तुजा," आण्णा म्हणाले आणि सुंठवड्याची पुडी उघडली.